गाजर गवताचा त्वचारोग आणि शेतकऱ्याचें मन

महसूल कचेरींत मीं तीसएक वर्षें कारकुनी केली. या अवधींत शेतकऱ्यांचीं नाना प्रकारचीं दुःखें अर्जांच्या रूपानें माझ्या टेबलावरून गेलीं. अवर्षण, अतिवृष्टि, गारपीट, बांधाचा तंटा, भाऊबंदकी यांपैकीं प्रत्येक दुःखासाठीं कचेरीच्या दप्तरांत एक रकाना असतो. परंतु एक दुःख असें आहे कीं, ज्यास कोठेंच रकाना नाहीं व ज्याचा पंचनामा कोणी करीत नाहीं. तें दुःख म्हणजे वर्षानुवर्षें न हटणाऱ्या त्वचारोगानें खचत गेलेलें मन. या विषयाकडे आमच्या शेतकरी बंधु-भगिनींचें लक्ष वेधावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहें.

प्रथम एक घडलेली हकीकत सांगतों. नांवगांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. माझ्या सेवानिवृत्तीच्या चार-पांच वर्षें आधींची ही गोष्ट. भाद्रपदांतील उकाड्याचे दिवस होते. पन्नाशी उलटलेले, पांच एकर बागाईत राखून असलेले एक गृहस्थ तोंडाभोंवतीं उपरणें गुंडाळून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आपल्या हयातींतच सर्व जमीन पत्नी व दोघे मुलगे यांच्या नांवें वांटून द्यावी, असा त्यांचा अर्ज होता. मीं कागद तपासले आणि सामाईक खात्यांतील भावाची संमति जोडलेली नाहीं, हें दाखविलें. ते म्हणाले, “भाऊसाहेब, तेवढं लवकर उरका. माझं आतां कांहीं खरं नाहीं. शेतांत जाववत नाहीं अन् घरांत बसवत नाहीं.” मीं उत्तर दिलें, “आबा, संमतिपत्र आणा, मग पाहूं.” ते कांहीं न बोलतां निघून गेले.

उपरण्याआडचा चेहरा मला दिसला नव्हता असें नाहीं. पापण्या सुजलेल्या होत्या, मानेची कातडी काळवंडून चामड्यासारखी जाड झाली होती, कोपरांच्या लवणींत भेगा पडल्या होत्या. पण माझें सारें लक्ष अपुऱ्या कागदाकडे होतें. पुढें आठवड्याभरानें त्यांच्या गांवच्या तलाठ्याकडून कळलें कीं, कचेरींतून परतल्यावर दोनच दिवसांनीं त्यांनीं जीव देण्याचा प्रयत्न केला. पत्नीस वेळीं जाग आली म्हणून ते वाचले. त्यांच्या त्या दोन वाक्यांचा अर्थ मला तेव्हां उमगला, आणि आपण काय ऐकून सोडून दिलें याची टोंचणी आजही लागून राहिली आहे.

रोगाचें मूळ

त्यांचा रोग कोणता, याचें निदान जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत झालें. तो गाजर गवतापासून होणारा त्वचारोग होता. या गवतास कोठें काँग्रेस गवत, तर कोठें चटक चांदणी म्हणतात. शास्त्रज्ञ त्यास पार्थेनियम हिस्टेरोफोरस म्हणतात. हें मूळचें अमेरिका खंडाच्या उष्ण भागांतलें. आपल्या देशांत त्याचा फैलाव नजरेस आला तो सन १९५५ मध्यें पुण्यांत. परदेशांतून आलेल्या धान्याबरोबर त्याचें बीं आलें, असें सर्वत्र मानलें जातें. एकेका झाडास १०,००० ते २५,००० पर्यंत बीं धरतें. उगवल्यापासून महिन्या-सव्वा महिन्यांत तें फुलावर येतें आणि जमिनींत ओल असेल तर एका वर्षांत त्याच्या अनेक पिढ्या होऊन जातात. पडीक रान, बांध, रस्त्याच्या कडा, शाळेचें पटांगण, कोणतीही जागा त्यास वर्ज्य नाहीं. जनावरें त्यास सहसा तोंड लावीत नाहींत. लावलें तर दुधास कडवटपणा येतो.

या गवताच्या पानांवर व फुलांवर बारीक लव असते. तींत पार्थेनिन नांवाचें द्रव्य असतें. गवत वाळलें तरी तें द्रव्य त्याच्या धुरळ्यांत राहतें आणि वाऱ्यानें उडून उघड्या अंगावर येऊन बसतें. म्हणून ज्यानें हें गवत कधीं हातीं धरलें नाहीं त्यालाही हा रोग होऊं शकतो. “वीस वर्षें याच बांधावर वावरलों, तेव्हां कांहीं झालें नाहीं, मग आतांच कसें झालें?” असा प्रश्न पुष्कळ शेतकरी विचारतात. त्याचें उत्तर असें कीं, पहिल्या स्पर्शानें बहुधा कांहींच होत नाहीं. महिनोन्महिने, कित्येकदां वर्षानुवर्षें संपर्क घडल्यावर कांहीं माणसांच्या शरीराची संरक्षक शक्ति या द्रव्यास शत्रु समजूं लागते. एकदां हें वैर जडलें कीं पुढें यत्किंचित् कणानेंही कातडी भडकून उठते.

रोगाची ओळख

पापण्या, चेहरा, मानेच्या घड्या, कोपरांच्या व गुडघ्यांच्या लवणी या ठिकाणीं प्रथम खाज सुटते, लाली येते, कधीं लस वाहते. पावसाळ्यांत गवत माजलें कीं रोग बळावतो. कांहींना पुढें उन्हाचाही त्रास होऊं लागतो. कालांतरानें कातडी जाड व काळी पडते, आणि क्वचित् सर्वांग लाल होऊन सालपटें निघूं लागतात. शेवंती व सूर्यफूल हीं झाडें गाजर गवताच्याच कुळांतलीं असल्यामुळें कांहीं रोग्यांस त्यांचेंही वावडें असतें. सूर्यफुलाचें पीक घेणाऱ्यांनीं ही गोष्ट विसरूं नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, हा रोग एकापासून दुसऱ्यास लागत नाहीं. रोग्याचें ताट-वाटी वेगळी करणें, त्याचें अंथरूण पडवींत टाकणें, मुलांना त्याच्याजवळ जाऊं न देणें, याला तिळमात्र आधार नाहीं. कित्येक गांवांत यास कुष्ठरोग समजून लोक दूर सरतात, तेंही अज्ञानच. कुष्ठाचा चट्टा बहुधा बधिर असतो, खाजत नाहीं. आणि तो रोगसुद्धां आज गोळ्यांनीं पूर्ण बरा होतो. तेव्हां भिण्याचें कारण दोन्हीकडे सारखेंच खोटें आहे.

कातडीवरून मनाकडे

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतों. कातडीचा रोग मनापर्यंत पोहोंचतो तो कोणत्या वाटांनीं?

पहिली वाट निद्रेची. खाज रात्रीं अधिक जाणवते. माणूस एकेक घटका खाजवीत जागा राहतो. एखादी रात्र जागून काढणें शेतकऱ्यास नवें नाहीं. पाण्याची पाळी रात्रीची असते. परंतु वर्षभर रोज तुटक झोंप मिळाली तर मोठें धीराचें मनही ढिलें पडतें, चिडचिड वाढते व निर्णयशक्ति मंदावते.

दुसरी वाट लाजेची. पोटाचें दुखणें झांकतां येतें, चेहऱ्याचें झांकतां येत नाहीं. वर सांगितलेल्या गृहस्थांनीं बरे झाल्यावर मला सांगितलें, “खाजेचं एवढं नाहीं भाऊसाहेब, पण सुनेनं नातवाला माझ्या मांडीवर बसूं देणं बंद केलं, तें लागलं.” सुनेच्या मनांत दुष्टावा नव्हता, भीति होती. परंतु त्या भीतीची जखम खाजेहून खोल गेली.

तिसरी वाट कमाईची. ज्या शेतावर पोट, तेंच शेत रोगाचें घर. इतर रोग्यांस औषध घेऊन कामावर जातां येतें. या रोग्यास कामावर गेल्यानेंच रोग वाढतो. मग शेत वांट्यानें द्यावें लागतें, औषधासाठीं उसनवारी होते, आणि घरांत आपण आयतें खातों असा सल मनांत रुजतो.

चौथी वाट शरीराच्या आंतली. कातडीचा दाह दीर्घकाळ चालला म्हणजे त्यांतून निर्माण होणारीं द्रव्यें रक्तावाटे सर्वत्र फिरतात व मेंदूच्या कामावरही परिणाम करतात, असें वैद्यकशास्त्रास दिसून आलें आहे. उलटपक्षीं मनाची काळजी वाढली कीं खाजही वाढते. खाजेनें झोंप जाते, झोंप गेल्यानें काळजी वाढते, काळजीनें पुन्हां खाज. मोटेच्या बैलाप्रमाणें रोगी याच धांवेवर पुढें-मागें होत राहतो.

हें केवळ अनुमान नव्हे. सन २०१५ मध्यें युरोपांतील १३ देशांत केलेल्या एका पाहणीचें फलित प्रसिद्ध झालें. तींत निरनिराळ्या त्वचारोगांचे ३,६३५ रुग्ण तपासले होते, आणि तुलनेसाठीं त्वचारोग नसलेलीं माणसेंही घेतलीं होतीं. उपचार करावा अशी खिन्नता त्वचारोग्यांत शेंकडा १०.१ जणांत, तर इतरांत शेंकडा ४.३ जणांत आढळली. चिंतेचा विकार त्वचारोग्यांत शेंकडा १७.२ व इतरांत शेंकडा ११.१ असा निघाला. जीव देण्याचे विचार मनांत येतात असें सांगणारे त्वचारोग्यांत शेंकडा १२.७ होते, इतरांत शेंकडा ८.३. ही पाहणी गाजर गवताच्या रोग्यांची नव्हे, हें खरें. परंतु खाज, निद्रानाश आणि लोकलज्जा हीं इसब, सोरायसिस व गवताचा रोग या सर्वांत सारखींच आहेत. आणि आमच्या शेतकऱ्यावर कमाई बुडण्याचा भार आणखी वेगळाच.

रोगाचें माप केवळ चट्टे मोजून होत नाहीं, हें ओळखून सन १९९४ मध्यें ब्रिटनमधील कार्डिफ येथील त्वचावैद्यांनीं दहा प्रश्नांची एक यादी तयार केली. गेल्या आठवड्यांत खाज किती होती, लोकांत संकोच वाटला कां, कामांत अडथळा आला कां, घरच्यांशीं संबंध बिघडले कां, अशा प्रश्नांस शून्य ते तीन गुण देऊन एकंदर ३० पैकीं बेरीज करतात. अंगावर थोडेच चट्टे असलेल्या माणसाची बेरीजही मोठी येऊं शकते. आमच्या घरांत अशी लेखी यादी नसली तरी हेच प्रश्न कोणासही विचारतां येण्यासारखे आहेत.

घरच्यांनीं काय पाहावें

जुनाट त्वचारोगाचा माणूस घरांत असेल तर पुढील चिन्हांकडे लक्ष द्यावें. बाजार, लग्नकार्य, भजन यांस जाण्याचें तो टाळूं लागतो. अन्नावरची वासना उडते. पहांटे दोन-तीनलाच जाग येऊन पुन्हां डोळा लागत नाहीं. पूर्वीं जें आवडे त्यांत गोडी वाटत नाहीं. दारू नव्यानें सुरू होते किंवा वाढते. असें सलग दोन आठवडे चालल्यास तो आळस किंवा कांगावा नव्हे, तें दुखणें समजावें व डॉक्टरांस दाखवावें. “मी तुम्हांला भार झालों”, “माझं आतां कांहीं खरं नाहीं” असे उद्गार, तसेंच एकाएकीं वांटण्या, देणींघेणीं व निरवानिरव उरकण्याची घाई, हीं चिन्हें त्याहून गंभीर आहेत. त्या वेळीं एक दिवसही थांबूं नये.

अशा वेळीं रोग्यास एकांतांत बसवून मायेनें सरळ विचारावें, “जीव नकोसा वाटतो कां?” विचारल्यानें नसता विचार डोक्यांत शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कोणी विचारलें म्हणजे मनावरचें ओझें हलकें होतें. होय असें उत्तर आलें तर उपदेश करूं नये, रागावूं नये, देवाधर्माची शपथ घालूं नये. त्यास एकटें सोडूं नये. फवारणीचीं औषधें घरांत असल्यास तीं कुलपांत घालून किल्ली दुसऱ्यापाशीं ठेवावी. किंबहुना हीं औषधें प्रत्येक शेतकऱ्याच्या घरीं बारा महिने कुलपांतच असावींत. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारनें टेलि-मानस ही दूरध्वनि-सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, मोल न घेतां, मराठींतही सल्ला मिळतो. जिल्हा रुग्णालयांत मनोविकारांचे डॉक्टर असतात. त्यांच्याकडे जाणें म्हणजे वेडा ठरणें नव्हे.

पोलिसांच्या भीतीनेंही पुष्कळ कुटुंबें अशी घटना लपवितात व उपचारास मुकतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम ११५ प्रमाणें जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरलें जातें. त्यास शिक्षा करण्याऐवजीं त्याची काळजी घेणें हें सरकारचें कर्तव्य ठरविलें आहे. ही गोष्ट गांवोगांव कळली पाहिजे.

औषधोपचार

संशय आल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडून चिकटपट्टीची परीक्षा करवून घ्यावी. पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या लहान पट्ट्या दोन दिवस चिकटवून ठेवतात व नंतर कोठें लाली आली तें पाहतात. त्यावरून वावडें कशाचें तें कळतें. दुकानदारानें दिलेलें मिश्र मलम आपल्या मनानें लावूं नये. त्यांतील स्टेरॉइडनें चार दिवस बरें वाटतें, पण पुढें कातडी पातळ पडते व रोग अधिक हट्टी होतो. योग्य बळाचें मलम, योग्य जागीं, योग्य मुदतीपर्यंत डॉक्टरांनीं सांगावें तसेंच लावावें. जुनाट रोगांत अ‍ॅझाथायोप्रिन नांवाच्या गोळ्यांचा गुण येतो, असा दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील त्वचावैद्यांचा अनुभव आहे. मात्र तीं घेत असतां रक्ताची तपासणी वेळोवेळीं करावी लागते.

येथें एक सूचना अवश्य द्यावीशी वाटते. पोटांतून घेण्याच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनीं कांहींची झोंप उडते व मनही अस्वस्थ होतें. तसें जाणवल्यास डॉक्टरांस सांगावें. परंतु त्या गोळ्या आपल्या मनानें एकाएकीं बंद करूं नयेत, त्यानें जीवास धोका संभवतो. तसेंच, त्वचेच्या डॉक्टरांपुढें मनाची गोष्ट काढण्यास संकोच बाळगूं नये. “खाजेमुळें झोंप नाहीं आणि जीव उदास असतो” एवढें एक वाक्य बोललें तरी डॉक्टरांस पुढचा मार्ग दिसतो.

मूळ उपटण्याचें काम

औषध कितीही चांगलें असलें तरी बांधावर गवत उभें असेपर्यंत रोग परत परत येणार. तेव्हां फुलावर येण्यापूर्वीं, पावसानें जमीन मऊ असतां, गवत मुळासकट उपटावें. उपटणाऱ्यानें हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा व नाकातोंडावर फडकें वापरावें. काम संपतांच स्नान करून कपडे बदलावेत. फुलण्यापूर्वीं उपटलेलें गवत कंपोस्टच्या खड्ड्यांत घालतां येतें. फुलावर आलेलें घालूं नये, नाहीं तर खताबरोबर बीं शेतांत पसरतें. पडीक जागीं तरोट्याचें बीं टाकल्यास तो या गवतास दाबतो. सन १९८४ मध्यें बंगळूर येथें या गवतावर मेक्सिकन भुंगे सोडण्यांत आले. ते पावसाळ्यांत पानें खाऊन गवताचा जोर मोडतात, म्हणून जेथें ते दिसतील तेथें विषारी फवारणी करूं नये.

ज्यास रोग झाला आहे त्यानें मात्र या कामाला हात लावूं नये. त्याच्या वांट्याचें गवत शेजाऱ्यानें उपटावें. आपल्याकडे सावड म्हणून जुनी रीत आहे. पेरणीला व कापणीला जशी सावड करतों तशी या कामालाही करावी. एकट्याच्या बांधावरचें गवत काढून भागत नाहीं, कारण वारा कोणाचा सातबारा पाहत नाहीं.

त्या अर्जाचें पुढें काय झालें

त्या गृहस्थांवर रुग्णालयांत त्वचेच्या व मनाच्या डॉक्टरांनीं मिळून उपचार केले. डॉक्टरांनीं सुनेस बोलावून हा रोग लागत नाहीं हें समजावून सांगितलें. धाकट्या मुलानें भांगलणीचें काम आपल्याकडे घेतलें, वडिलांनीं हिशेब, बाजार व मजुरांची व्यवस्था पाहावी असें ठरलें. पुढल्या पावसाळ्यांत शेजारच्या चार घरांनीं मिळून त्यांच्या वस्तीभोंवतालचें गवत काढलें. रोग समूळ गेला असें म्हणतां येणार नाहीं. श्रावणांत पापण्या थोड्या सुजतातच. परंतु आतां ते त्यास दुखणें म्हणतात, दैव म्हणत नाहींत.

फाल्गुन महिन्यांत ते पुन्हां कचेरींत आले. तोंडाभोंवतीं उपरणें नव्हतें. बरोबर नातू होता. म्हणाले, “भाऊसाहेब, तो वांटणीचा अर्ज मागें घ्यायचा आहे.” मीं कागद पुढें केला, त्यांनीं सही केली. माझ्या साऱ्या नोकरींत मीं हजारों अर्ज निकालीं काढले असतील. पण एखादा अर्ज मागें घेतला गेला म्हणून आनंद झाला, असा तो एकच.

आपल्या घरांत, भावकींत, शेजारांत, अंगाची खाज घेऊन मुकाट्यानें बसलेला कोणी असेल. त्याचे चट्टे पाहून मान फिरवूं नका. त्याच्याजवळ बसा, झोंप लागते कां एवढें विचारा, आणि तो काय बोलतो तें माझ्यासारखें सोडून न देतां पुरतें ऐका. इतकी विनंति करून हा लेख पुरा करतों.